आवरलेलं स्वयंपाकघर

मावशीने तो जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात हरवली.

निदान व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना तरी तसं दिसलं. खुब्याचं हाड जुळलं होतं, मावशी काठीशिवाय चालत होती. आता घरी एकटी राहू शकेल की नाही, हे ठरवायला बाईंना तिला चहा करताना बघायचं होतं. पण मावशी इथे दवाखान्यात आणि घर दुसऱ्या गावात. मग भाचीने, म्हणजे ठमीने, मनावर घेतलं. तिचं पोटच या कामावर चालायचं: दुकानांतल्या बुटांचे, खुर्च्यांचे चहूबाजूंनी फोटो काढायचे आणि चष्म्यातल्या जगात ते उभे करायचे. मावशीचं अख्खं स्वयंपाकघर तिने तसंच आणलं. डब्यांची झाकणं निघत होती, शेगडी पेटत होती.

मावशी मात्र हा कप्पा उघड, तो मिट, गर्रकन वळ. शेवटी तोल गेला. बाईंनी सावरलं आणि हळूच विचारलं, "विसरायला लागल्यात का या?"

मावशीचा मुलगा टपलेलाच होता. "मी काय सांगत होतो? आई, सामान बांध आणि माझ्याकडे चल." मुलगा मनाने चांगला, फक्त आईला विचारायचं तेवढं राहून जायचं.

मावशीने भाचीचा हात घट्ट धरला. "खरं सांग गं ठमे, माझं डोकं कामातून गेलं का? काडेपेटी बरणीत नाही, साखर पिठामागे नाही..."

ठमीच्या लक्षात आलं. फोटो काढण्याआधी तिने सगळं आवरलं होतं. परक्यांना मावशीचा पसारा कशाला दाखवायचा, म्हणून! डबे उंचीप्रमाणे लावले, खिळ्यावरचं गाळणं खणात टाकलं.

"मावशी, मी... आवरलं होतं."

"आवरलंस?" मावशी कडाडली. "गधडे, मला वेड्यात काढायला निघाली होतीस!"

ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. पुन्हा एकदा बघते असं बाईंनी कबूल करेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. मग तडक मावशीचं घर गाठलं. फोन कानाला, पलीकडून मावशीचे हुकूम: "अजून मागे सरकव. झाकण तिरकं ठेव. हां!" सगळं नीट विस्कटून झाल्यावर तिने नव्याने फोटो काढले. चकचकीत किटलीवर उजेड चमकून फोटो नीट येईना, तर तिला टाल्कम पावडर फासली.

या खेपेला मावशी जागच्या जागी, सावकाश वळली. हात गेला तिथे वस्तू होती. चहा झाला.

"जातील की एकट्या घरी!" बाई म्हणाल्या.

मुलगा अडूनच बसला. "माझ्याकडे काय कमी आहे, आई?"

मावशीने चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर बसवला. "मला चहा करून दे."

तो हवेत चाचपडू लागला. हे उघड, ते उघड. भलताच डबा हाती आला. कपाळावर घाम फुटला.

"आई, चहापूड कुठेय?"

"तुझ्या घरी मी रोज हेच विचारणार रे," मावशी म्हणाली. "आणि तुझी बायको बिचारी रोज सांगणार."

हवेत उचललेला त्याचा हात खाली आला. मग चष्मा न काढताच म्हणाला, "घरी सोडायला गाडी कधी आणू?"