रहाटापाशी मुक्ताबाई

“आता जे सांगतो त्याच्यावर कुणाचाबी इश्वास बसायचा न्हाय,” असं म्हणत पिराजीनं केशरबाईच्या डोक्यावरची रिकामी घागर बोटभर सरकवली. “बघा पेंटर. आमची मुक्ताबाई अश्शी हुबी ऱ्हायची. नाक तेवढं हिच्यापरीस फुगीर काढा.”

सोलापूरहून आलेल्या शांतलिंगनं भिंतीवरच्या बाईच्या नाकावर ब्रश टेकवला. मूळचा सिनेमाचे बोर्ड रंगवणारा गडी. बहात्तरच्या दुष्काळातल्या बायकाही त्याच्या हातून गालावर लाली घेऊन उतरत होत्या. ईट गावाजवळच्या त्या खेड्यात दूध सोसायटीची इमारत नवी झाली होती आणि पोळ्याच्या आत दर्शनी भिंतीवर ‘जुनं गाव’ निघायचं होतं. मोट, दगडी वेस आणि मधोमध गावची विहीर. विहिरीपाशी एका बाईची जागा होती. तीन दिवस पिराजी भीमनगरातून येऊन त्या जागेसमोर बसत होता. त्याच दुष्काळात खडीच्या कामावर गेलेली त्याची बायको मुक्ताबाई परत आली नव्हती, त्याला बारा वर्षं झाली. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. म्हणून आज तिची धाकटी बहीण नमुन्याला उभी होती.

केशरबाई उन्हात उभी होती. घाम नाकावरून ओघळला तरी तिनं तो पुसला नाही.

“हीर अशी खोल गेलती,” पिराजी सांगू लागला, “बादली सकाळी सोडली की तळाला टेकल्याचा आवाज दुपारच्याला यायचा. एक दिवस दोर तुटला. मुक्तीनं काय केलं, नऊवारी सोडली, दोराला जोडली.”

“अन् स्वतः?” खुर्चीवरून सेक्रेटरी बाबूरावांनी विचारलं.

“गोणपाट. मधी बोलू नका. वर वढलं तर काय, बादलीत कासव! पाठीवर निजाम सरकारचा शिक्का.”

बाबूराव खदखदून हसले. “पिराजी, त्या कासवाला सोसायटीचं सभासद करून घेऊ का?”

“करा की. शिक्का हाय त्याच्यापाशी.” पिराजीही हसला, मग भिंतीकडं बघत हळू म्हणाला, “त्या दिवशी पयली घागर मुक्तीनं भरली. मग पाटलांची. मग समद्या गावाची.”

बाबूरावांचं हसू थांबलं. ते खिशात पेन शोधू लागले. पेन खिशालाच होतं.

“पाय ऱ्हायलेत बाईचे,” शांतलिंगनं मागं न बघता विचारलं. “कुठं घेऊ?”

“कट्ट्यावर,” पिराजी म्हणाला. “रहाटाला लागून. दोन्ही पाय.”

शांतलिंगनं ब्रश तांबड्या रंगात बुडवला आणि कट्ट्याच्या दगडाजवळ नेला.

केशरबाईनं डोक्यावरची घागर उतरवून खाली ठेवली.

“कासवाचं खरं आसंल, दाजी,” ती म्हणाली. “पर अक्का त्या कट्ट्यावर कवा चढली? आमी दोघी खाली वंजळ धरून बसायचो. कुणी वरून वतंल म्हणून.”