तांबडो, वय वर्षं दोन

त्या शनिवारी दत्ताराम सावंतांनी कुत्र्याचे ढीगभर फोटो काढले आणि निम्म्यांत त्यांचा स्वतःचा अंगठा आला.

"बाबा, बोट काढा हो लेन्सवरून," अपूर्वा म्हणाली.

"राहू दे गं. घरात माणूस आहे, एवढं तरी दिसेल." त्यांनी सुका बोंबील मोबाइलच्या वर धरला आणि आवाजच बदलला. "तांबड्या, हय बघ मेल्या. फोटो बरो येवक होयो मा?"

बायको गेल्यापासून कांजूरमार्गच्या त्या घरात रस्त्यावरून उचललेली कुत्री राहायला येत. एका संस्थेसाठी दत्ताराम त्यांना सांभाळत, माणसाळवत, आणि फोटो पाहून कोणी कायमचं न्यायला आलं की डोळे पुसत निरोप देत. बंगळूरहून चार दिवस आलेल्या लेकीने त्या संध्याकाळी त्यांच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाल्लं. दोघांनी मिळून टीव्हीवरच्या मालिकेला नावं ठेवली आणि झोपले.

सकाळी दत्ताराम उठले नाहीत.

दिवसकार्य उरकलं तरी तांबडो दाराकडे तोंड करून बसलेला. जेवण नुसतं हुंगे.

"तू गेलीस की याला परत संस्थेच्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल," संस्थेची दर्शना म्हणाली. "तिथे हा टिकायचा नाही गं."

अपूर्वाच्या बंगळूरच्या घरमालकाला तर मांजरही चालत नव्हतं.

मग दोघी जाहिरात लिहायला बसल्या. दर्शनाने कुत्र्याचं नाव रस्टी केलं. तांबडो कोणाला कळणार? 'खेळकर, हुशार, लगेच ऐकणारा.' लोक आले. कोणी 'सिट' म्हणालं, कोणी 'बैठो', कोणी 'बस बाळा'. तांबडो भिंतीकडे बघत राहिला.

"बहिरा आहे का हो?" पवईहून आलेल्या जोडप्याने जाताना विचारलं.

दर्शनाला ते पटलं. "तसंच लिहूया यार. दया येऊन तरी कोणी नेईल."

अपूर्वाने लॅपटॉप उघडला. तेवढ्यात स्वयंपाकघरात तांबड्याने सुकटीचा डबा पाडला आणि मागचापुढचा विचार न करता ती ओरडली, "खय जातंस रे मेल्या? हय ये! बस थंय!"

तांबडो वळला. आला. बसला. शेपटीने फरशी झाडू लागला.

"अगं, हा तर झकास ऐकतो!" दर्शना उडालीच.

अपूर्वा स्वतःच्या आवाजाने दचकली होती. मुलीचं शहरात कुठे अडू नये म्हणून दत्तारामांनी तिच्याशी जन्मभर शुद्ध मराठीच बोलायचं ठरवलं होतं. मालवणी होती ती बायकोसाठी, आणि ती गेल्यावर कुत्र्यांसाठी. अपूर्वाला शब्दन्‌शब्द कळायचा. तिच्या वाट्याला मात्र त्यातला एकही आला नव्हता.

तिने रस्टी खोडलं आणि नव्याने लिहिलं: 'तांबडो, वय वर्षं दोन. फक्त मालवणी समजते. सुकं उघडं ठेवू नये. मेल्या म्हटलेलं आवडतं.' खाली बसण्या-उठण्याचा व्हिडिओ जोडला.

दुसऱ्या दिवशी फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. भांडुपहून, लालबागहून, थेट सावंतवाडीहून. "आमका द्या!" दिंडोशीच्या रत्नप्रभा परबांनी तर फोनची वाटच पाहिली नाही, पत्ता काढून दारात उभ्या.

"इलंय गो! खय आसा माजो झील?"

सख्ख्या लेकासारखा तांबडो उठला, त्यांच्या पदरात तोंड खुपसलं आणि त्यांच्या हातची अख्खी भाकरी संपवली.

"काळजी करू नको गो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात सगळी आराडतत ती मालवणीतच."

छाती काढून तांबडो रिक्षात बसला आणि रिक्षा वळणापलीकडे गेली. "जिंकलो!" दर्शना गल्लीतच नाचली. उरलेल्या फोनवाल्यांना ती संस्थेतली बाकीची कुत्री खपवत होती. "मालवणी तुम्ही शिकवा ना काका!"

हसत हसत अपूर्वा वर आली. खोलीत कोणी नव्हतं. तिने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाबानू," ती मोठ्याने म्हणाली, "तांबड्याक घर गावला." तिने खुर्चीवरचे कुत्र्याचे केस झटकले. "माज्याशी पण असाच बोलाक होया होता तुमी."