आतली कडी

"मालकीणबाई कुठे आहेत? वास्तुशांतीला जोडीनं बसायचं असतं," गुरुजींनी पुन्हा विचारलं.

"जिंतूरची बस यायचीय अजून," भागवत म्हणाला आणि फाट्याकडं बघत राहिला.

झरी गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्यानंच दुरुस्त केलेल्या. दुसऱ्याची मोटार अडली की भरल्या ताटावरून उठायचा. स्वतःच्या घराचं मात्र 'होईल, होईल' चाललेलं. पत्र्याची एकच खोली, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. अलीकडं हा आणि बायको मंजुषा, पलीकडं आई कडूबाई. दोघं काही बोलायला लागली की पलीकडून आई खोकायची. मुद्दाम की दम्यानं, देव जाणे. बोलणं तिथंच थांबायचं आणि रुसवा तसाच राहायचा.

"आवो, एक खोली काढा. आतून कडी लागली म्हंजी झालं," मंजुषा म्हणायची. "भांडायला तरी जागा पायजे का न्हाई माणसाला?"

भागवत, मोठा शहाणा, हसण्यावारी न्यायचा. एका दिवाळीला ती माहेरी जिंतूरला गेली ती परत आलीच नाही. मग याला जाग आली. पक्की खोली बांधली, दाराची कडी स्वतःच्या हातानं बसवली आणि तिला पूजेचं आवतण दिलं. ती "बघते" म्हणाली होती. तेवढ्यावर त्यानं महिना काढला.

बस आली, गेली. न राहवून त्यानं फोन लावला.

"न्हाई येत मी," मंजुषा म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "हितं भाड्यानं खोली घेतलीय. आतून कडी लागती. लय दिसांनी निवांत झोपायलेय. तुमी पूजा उरकून घ्या."

"बैल गेला आन् झोपा केला," मावशी बायनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली.

गुरुजींनी जास्त चौकशी केली नाही. बायको हजर नसली तरी शास्त्रात सोय असते. त्यांनी एक सुपारी पुढं केली. "ही कमरेला खोचा. हीच पत्नी समजायची."

भागवत एकटाच बसला. शेजारचा पाट कुणी उचलला नाही.

जेवणं आटोपल्यावर तो नव्या खोलीत गेला, दार लोटून कडी लावली. कशी अलगद बसली! कमरेची सुपारी काढून त्यानं कोनाड्यात ठेवली. तिच्या आरशासाठी ठेवलेला कोनाडा. एवढंच तर मागितलं होतं तिनं.

"मंजुषा," तो सुपारीकडं बघत म्हणाला, "माझं लय..."

दाराबाहेर आई खोकली. भागवत सवयीनं गप्प झाला.