वासाला दहापैकी किती?

कारखान्यात त्याला सगळे मायक्रॉन म्हणायचे, कारण केसभर फरकसुद्धा त्याला ढोबळ वाटायचा. तो निवृत्त झाला, तसं हे नाव घरी आलं आणि नावामागोमाग त्याचा लेथही आला. ज्या यंत्रावर त्याने अडतीस वर्षं लोखंड कातलं, ते कारखान्याने मोडीत काढलं, तेव्हा याने ते उचलून घराच्या मागच्या खोलीत बसवलं. बायकोने होकार दिला, त्यालाही कारण होतं. निवृत्तीनंतरचे आठ महिने हा गृहस्थ खुर्चीत बसून साबणाच्या वडीची रोजची झीज मोजत होता.

होकार मात्र लेखी होता. बायको शाळेतली शिक्षिका, तोंडी काही मानतच नसे. तिने कागद लिहून लेथवर चिकटवला. शनिवार-रविवार लेथ बंद. तेलाचे हात खोलीच्या आतच. आणि घरात घाण वास आला, तर लेथ भंगारात. मायक्रॉनने खाली सही ठोकली. लेथला कधी वास असतो का, असं म्हणून तो वर हसलाही.

आता लोखंड कातताना तापतं आणि हत्याराचं टोक बघता बघता बोथट होतं. म्हणून कारखान्यात त्यावर कूलंट सोडत, म्हणजे पाण्यात खास तेल मिसळून केलेलं दुधासारखं पांढरं पाणी. मायक्रॉनने ती सोय घरीच करायची ठरवली. पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेलं मोठं पातेलं झालं टाकी. बागेतली नळी झाली पाइप. चहाचं गाळणं लोखंडाचा कीस अडवायला बसलं. पंप त्याने वॉशिंग मशीनमधून काढला, "फक्त चाचणीपुरता". मशीनमध्ये चादरी भिजत आहेत, हे बघायचं तेवढं राहून गेलं.

पहिल्या चाचणीत पांढरं कारंजं थेट छतावर गेलं, तिथून भिंतीवर उतरलं आणि सासऱ्यांच्या फोटोवर स्थिरावलं.

"अहो, बाबांना आंघोळ घालायची होती, तर निदान सांगायचं तरी!" बायको दारातून म्हणाली. चादरींबद्दल ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्याने भंगारातून दुसरा पंप आणला, तोंडाला तोटी बसवली, पातेल्यावर घट्ट झाकण केलं. चौथ्या दिवशी कूलंट अगदी जिथे हवं तिथे पडलं आणि मायक्रॉन खोलीत एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिला. दोन महिने तो सुखात होता. साबणाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एका सोमवारी घरात वास आला. सडक्या अंड्यांचा, डोकं उठवणारा. बायकोने खिडक्या सताड उघडल्या आणि पदर नाकाला लावून ती मागच्या खोलीच्या दाराशी आली. तिथे कागदाकडे बोट दाखवून ती काही बोलणार, तोच मायक्रॉन म्हणाला, "वास? मला तर काही येत नाही. पण तुला येतोय ना, मग मी शोधून काढतो. गटार असणार. नाहीतर मेलेला उंदीर."

आणि त्याने शोध हाती घेतला. लेथचा प्रश्न होता, हयगय चालणार नव्हती. पहिला सोमवार उंदरात गेला. कपाटं हलली, माळा रिकामा झाला, उंदीर निघाला नाही. दुसऱ्या सोमवारी पुन्हा वास आला, तेव्हा त्याने बायकोच्या धाकट्या भावाला बोलावलं. हा मेहुणा प्लंबर. दोघांनी मिळून बाथरूमची फरशी उखडली.

मेहुण्याने गटारात बॅटरी मारली. "भावोजी, हे तर आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे."

"नीट बघ."

"आता काय जीभ लावून बघू?"

बायको बाजूला उभी राहून सगळं शांतपणे बघत होती. एरवी कपबशी फुटली तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई फरशीबद्दल अवाक्षर बोलली नाही, याचं मायक्रॉनला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वास कुठून येतो ते शोधायला तो घराचा नकाशा काढण्यात गुंतला होता.

तिसऱ्या सोमवारी त्याने बायकोला घरभर फिरवलं. दर दोन पावलांवर तिने थांबायचं, हुंगायचं आणि वासाला दहापैकी गुण द्यायचे. तिने पेपर तपासावेत तसे न कचरता गुण दिले. दिवाणखाना दोन. बाथरूम तीन. स्वयंपाकघर पाच. बोळ आठ. मागच्या खोलीचं दार, दहा.

"आणि आत?" तिने विचारलं.

"आत कशाला? आत दिवसभर मीच असतो. वास असता तर मला कळला नसता का?"

ती पदर नाकाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. मायक्रॉनने टेबलावर नकाशा पसरला, आकडे मांडले आणि रेघा जोडल्या. सगळ्या रेघा एकाच खोलीत घुसत होत्या. फक्त त्याच खोलीत एकही आकडा नव्हता.

तो उठला आणि त्याने पातेल्याचं झाकण काढलं. लेथचं गळलेलं तेल वर तरंगून त्याची तपकिरी साय धरली होती. शनिवार-रविवार पंप बंद, वर तेल, त्यावर झाकण. खालचं पाणी गुदमरून कुजलं होतं. सोमवारी पंप सुरू झाला की तो घरभर घाण पसरवत होता. मायक्रॉनने नाक जवळजवळ कूलंटमध्ये बुडवलं. काहीच आलं नाही. मग त्याने तेलाचा डबा हुंगला, साबण हुंगला, खुंटीवरची बायकोची शाल हुंगली. कशाचाच वास येईना. अडतीस वर्षं धूर नाकात गेला होता आणि नाक कधी गेलं हे मोजायचं राहूनच गेलं होतं. त्याला फार वाईट वाटलं, लेथपेक्षा शालीचं जास्त.

नकाशा फाडून टाकता आला असता. टाकी गुपचूप धुता आली असती. पण सदोष नग त्याने आयुष्यात कधी पुढे ढकलला नव्हता. तो नकाशा घेऊन बायकोसमोर उभा राहिला.

"नापास," तो म्हणाला. "वास माझ्या टाकीचा. मला येत नाही. कशाचाच येत नाही. भंगारवाल्याला बोलाव."

"टाकीचं मला पहिल्याच सोमवारी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"अकरा वर्षं म्हणतेय, बाथरूमची फरशी बदला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही स्वतः पहार घेतलीत. मध्ये बोलायला मी वेडी आहे?"

मायक्रॉनने नकाशाची घडी घातली.

"पण नाकाचं माहीत नव्हतं हो," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, वास येत नसल्याचं तुम्ही लेथसाठी सोंग करताय." मग ती लाल पेन घेऊन मागच्या खोलीत गेली. कागदावरची शेवटची अट तिने खोडली आणि खाली लिहिलं, 'माप यांनी घ्यावं. वास मी घेईन.' सही केली.

माळ्यावर मासे पाळायची जुनी रिकामी काचेची पेटी होती. तिचा हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप त्याने टाकीत सोडला, म्हणजे सुट्टीतही पाण्याला श्वास मिळेल. वरचं तेल तो रोज काढू लागला. नवी फरशीही बसली, ती बायकोने निवडली.

पुढच्या सोमवारी सकाळी ती खोलीत आली, टाकीवर वाकली आणि म्हणाली, "एक. पास."

मायक्रॉनने वहीत आकडा लिहिला. मग त्याने मागे झाकून ठेवलेला कप पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्यासाठी चहा केला होता, पाणी आणि दूध मापाने मोजून.

"याला किती?"

तिने कप नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"दूध करपलंय," ती म्हणाली आणि चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. "लिहा. दहा."