स्टेडियमसाठी हळदीकुंकू

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत विचारू नये, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. संक्रांतीच्या आठवड्यात नाहूरच्या दशरथ परबांच्या दीड खोलीत स्टीलच्या डब्यांचे खोके छतापर्यंत रचले गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने तो मोडला.

"दीडशे डबे? दिले कोणी?" नलिनीने विचारलं.

"फुटबॉल क्लबने. हळदीकुंकवाचं वाण."

"फुटबॉलवाले हळदीकुंकू कधीपासून करायला लागले?"

"तुला डबे हवेत की चौकशी?" दशरथ म्हणाले, आणि विषय मिटला.

विषय होता वसाहतीलगतच्या मैदानाचा. एका व्यावसायिक क्लबला तिथे स्वतःचं स्टेडियम बांधायचं होतं. जमीन सार्वजनिक, त्यामुळे वसाहतीतल्या सत्तर टक्के खोलीधारकांची संमती हवी होती. दशरथ उत्सव मंडळाचे अध्यक्ष. औषध कंपनीत पॅकिंगला होते तेव्हा कंपनीच्या संघाचे गोलकीपर. क्लबचा नितेश नावाचा पोरगेला साहेब घरी आला, खाटेवर बसला आणि त्यांना 'सर' म्हणाला. उभ्या जन्मात त्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं. अर्धं मैदान तिथेच गेलं.

उरलेलं अर्धं अडलं होतं अठ्ठावीस सह्यांवर. या अठ्ठावीस खोल्या नवऱ्यामागे विधवांच्या नावावर झालेल्या, आणि त्या बायका मिटिंगला फिरकत नसत. तेव्हा दशरथांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी जाहीर केलं, "यंदा हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही मान. जुने विचार बस झाले!" केवढ्या टाळ्या पडल्या. नलिनीलाही नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि तशी वेळ तिच्यावर क्वचितच येई.

मालन सर्वांत आधी आली. ती दशरथांची चुलत बहीण. मैदानाच्या फाटकाशी तवा मांडून घावणे आणि उसळ विकायची, त्यावर एकटीचं पोट चालायचं. नलिनीने तिच्या कपाळाला बोट लावलं तशी तिचे डोळे भरून आले.

"बारा वर्सांनी रे, दादा," ती म्हणाली.

"इथे सही कर, मालन. कोणी दोनदा वाण नेऊ नये म्हणून," दशरथांनी वही पुढे केली. पानाचा वरचा भाग त्यांनी स्वतःच्या हाताने मागे दुमडला होता. तिथे लिहिलं होतं की स्टेडियमला आमची हरकत नाही.

वसाहतीत संघमित्रा नावाची कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी बाई राहायची. तिने डबा घेतला नाही, सही केली नाही, वर भर अंगणात दशरथांना गाठलं.

"परबकाका, क्लबचे इथे वर्षाला सामने किती होणार?"

"असतील दहा-बारा."

"म्हणजे साडेतीनशे दिवस कुलूप. अहो, लग्नाचा हॉलसुद्धा याच्याहून जास्त दिवस उघडा असतो. आज या मैदानावर रोज चारशे पोरं खेळतात."

"रोजगार येईल. बाहेरचा पैसा येईल."

"बाहेरून कुठून? माणूस तिकिटाला पैसे घालतो ते त्याच्या महिन्याच्या खर्चातलेच ना? भांडुपच्या हॉटेलात, मुलुंडच्या थिएटरात जाणारा पैसा इथे वळणार, आणि इथून थेट मालकाच्या खिशात. जमीन आपली, नाला-रस्ता आपल्या करातून. फायदा झाला तर क्लबचा, तोटा झाला तर आपला. खेळाशी माझं भांडण नाही, काका. त्यांना स्टेडियम हवंच तर बाजारभावाने जमीन घेऊन बांधू द्या. मग बघा किती जण बांधतात."

उत्तर न सुचलेला माणूस जे करतो तेच दशरथांनी केलं. "तुमच्या लोकांना कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही," ते चारचौघांत म्हणाले.

"माझे लोक याच वसाहतीत राहतात, काका," एवढं म्हणून संघमित्रा निघून गेली. चारचौघे हसले. आपणही त्यांत असतो तर हसलो असतो, हे कबूल करायला हवं.

दोन वर्षांत स्टेडियम उभं राहिलं. दशरथांना निळं जॅकेट मिळालं, त्यावर 'स्थानिक समन्वयक' असं लिहिलेलं. सामन्याच्या दिवशी फाटकापासून दोनशे मीटरात फेरीवाला नको, आणि आतल्या खाण्याचा ठेका एका कंपनीला. इतर दिवशी फाटक बंद, म्हणून गिऱ्हाईक नाही. दशरथांनी मालनला आत गाळा देण्याचा शब्द दिला होता. ती दर आठवड्याला विचारायची, "गाळो कधी गावतलो, दादा?" आणि ते म्हणायचे, "प्रोसेसमध्ये आहे."

एका सामन्याच्या सकाळी ती हट्टाने फाटकाशीच बसली. नितेशने दशरथांना बोलावलं. आता तो सर म्हणत नव्हता.

"काका, तुमची माणसं तुम्हीच हटवा ना. आम्ही हटवली तर बोंबाबोंब होते."

वरच्या बाल्कनीतून क्लबचे पाहुणे खाली बघत होते. दशरथांनी पुढे होऊन तापलेला तवा फडक्याने उचलला आणि जप्तीच्या गाडीत टाकला. पिठाचं पातेलं कलंडलं.

"सही माझीच आसा मां त्या कागदावर?" मालनने विचारलं. दशरथ पावतीवर 'तवा, नग एक' असं लिहीत राहिले.

पुढे मालनला खाण्याच्या त्याच ठेकेदाराकडे भांडी घासायचं काम मिळालं. सामना असेल त्या दिवशीच, म्हणजे वर्षातून अकरा दिवस. हा तो रोजगार.

स्टेडियमच्या तिसऱ्या वर्षी जाहिरातदार पळाले, प्रेक्षक आटले आणि क्लब रडू लागला. स्टेडियम तोट्यात आहे, वाचवायचं तर शेजारी हॉटेल आणि मॉल हवा, आणि त्यासाठी वसाहतीतल्या खोल्यांच्या पुढच्या दोन रांगा हव्यात. बॉल बाजूलाच राहिला, खेळ सगळा जागेचा होता. नितेश पुन्हा दशरथांच्या खाटेवर बसला.

"मागच्यासारखं हळदीकुंकू घ्या ना, सर. विधवांचं तर नक्की घ्या. त्यांच्या सह्या पटापट होतात."

स्वतःचीच युक्ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं सोपं नसतं. नलिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलं. पाच वर्षांनी तिला त्या टाळ्यांचा अर्थ कळला होता. पण दशरथांना अजून अक्कल यायची होती. आमंत्रण द्यायला ते मालनच्या खोलीवर गेलेच.

मालन तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता पेनासाठी हात पुढे केला.

"पेन हाडलंस? मगे दी हय. कुकू ऱ्हवांदे."

"मालन, तसं नाही..."

"माका मागाहून सगळा कळला, दादा. पण बारा वर्सांनी कोणी कपाळाक बोट लावल्यान. ता खरा समजान मी वरीसभर जगलंय."

दशरथ तिथून उठले ते कसे घरी आले, त्यांना सांगता आलं नसतं. आपण मैदान विकलं हे त्यांना ठाऊक होतं. आपण त्या बाईचं कपाळसुद्धा विकून आलो, हे आज कळलं!

जाहीर सुनावणीला हॉल भरलेला होता. अधिकारी म्हणाले, "मंडळाच्या अध्यक्षांनी संमती सादर करावी." दशरथ उठले.

"संमती नाही. मागचीही नव्हती. मी वाणाच्या वहीचं पान दुमडून बायकांच्या सह्या घेतल्या. विधवांना बोलावलं ते मानासाठी नाही, अठ्ठावीस सह्यांसाठी. गुन्हा दाखल करा माझ्यावर."

कोणीतरी त्यांच्या अंगावर चप्पल भिरकावली. टाळ्या पडल्या नाहीत. फक्त संघमित्रा पुढे आली आणि म्हणाली, "हे लिहून द्या, काका. तोंडी बोललेलं उद्या कोणी मानत नाही." त्यांनी लिहून दिलं. दोन रांगा वाचल्या. स्टेडियम मात्र हललं नाही. क्लब दुसऱ्या शहरात गेला आणि कुलूप वसाहतीच्या वाट्याला आलं. दशरथांच्या चौकशीच्या तारखा अजून चालू आहेत.

सुनावणीनंतर ते मालनकडे गेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरा केलंस," ती म्हणाली. "पण आता माझ्या दारात परत येव नको." आणि दार लावून घेतलं.

वाचकहो, विकासाच्या नावाने कोणी आपल्या दारात आला की पहिल्यांदा विचारावं, जमीन कोणाची, फायदा कोणाचा आणि बुडालं तर भरायचं कोणी. विचारणाऱ्याला करंटा म्हणतील, म्हणू द्यावं. मैदान गेलं तर भांडून कदाचित परत मिळेल. ज्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवून खाली सही केली, तो माणूस परत मिळत नाही.