आहेस ना रे?

दचकू नका हं! मी मल्टिमीटर बोलतोय. हाताच्या पंजाएवढा, अंगाने पिवळा, पोटावर फिरतं गोल बटण आणि खाली तीन भोकं. त्या भोकांत लाल आणि काळी अशा दोन तारा खोचल्या की मला हात फुटतात. त्या हातांनी मी विजेची नाडी बघतो. तार सलग असेल तर 'टीं' करून सांगतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते खोकं उघडल्यानंतरचं! बऱ्हाणपूरला लालबागमध्ये नवं कौशल्य केंद्र सुरू होत होतं आणि पाहुणे माइकवरून सांगत होते, "देशाला कुशल हात हवेत!" टाळ्या पडल्या, आणि लगेच सगळे हात मावा जिलेबीकडे वळले.

केंद्रात लीलाधर सर सोलर पंप आणि ठिबकचे ऑटोमॅटिक पॅनेल दुरुस्त करायला शिकवायचे. मी भूमिकाच्या वाट्याला आलो. बहादरपूरची, बी.एस्सी. झालेली, आणि भित्री म्हणजे किती? डोक्यावरचा पंखा फिरू लागला तरी दचकायची. पहिल्या दिवशी मी 'टीं' केलं, तर तिने "अगं आई!" म्हणून मला टेबलावर आपटलंच. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो. आमची दोस्ती झाली ती अशी.

तिचे वडील दगाभाऊ रोज तिला मोटरसायकलवरून सोडायला यायचे आणि रोज तेच म्हणायचे, "झुरळाले भेते, अन् बिजलीचं काम शिकते! जमलं तर ठीक. नाहीतर शनवाऱ्याच्या बाजारात काकाच्या साडीच्या दुकानात बस."

साड्या दाखवायला तिची ना नव्हती, पण तिचा जीव अडकला होता दुसरीकडे. बहादरपूरच्या केळीवाल्यांनी मिळून ठिबकचे नवे पॅनेल बसवले होते. ते बिघडले की दुरुस्तीला माणूस इंदूरहून यायचा. तोवर केळी उभ्या उभ्या तहानेने मान टाकायची. म्हणून त्यांना गावातलाच तंत्रज्ञ हवा होता. जागा एकच. प्रॅक्टिकलमध्ये जो पहिला येईल, त्याची.

भूमिकाची एक सवय होती. काहीही मोजायच्या आधी ती माझी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची आणि हळूच विचारायची, "आहेस ना रे?" मी 'टीं' म्हणायचो. मगच कामाला हात.

"झाला का गं देवाला नमस्कार?" शेजारच्या टेबलावरची वैशाली विचारायची. "आता प्रसाद पण वाट!"

"अरे यार, इतनी देर में तो घड पिकून पिवळा होईल," मागच्या टेबलावरचा पंकजही सुरात सूर मिळवायचा.

ती लाजायची, पण सवय काही सोडायची नाही.

खंडेनवमी आली. अवजारांची पूजा! सगळ्यांनी पक्कड, पेचकस, आम्ही मीटर, सगळं पुसून टेबलावर मांडलं. भूमिकाने माझ्या तारा काढून दोन बाजूंना ठेवल्या, झेंडूचं फूल वाहिलं. आता टिळा लावायचा, पण माझं कपाळ कुठलं? तिने बराच वेळ विचार केला आणि मधल्या भोकावर ओल्या हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. काय ती भक्ती! मला गुदगुल्या झाल्या. टिळा आतवर उतरला. दसऱ्याच्या सुट्टीत तो तिथेच वाळून कडक झाला.

सुट्टी संपली आणि परीक्षा आली. इंदूरहून परीक्षक अमृता मॅडम आल्या. आवाज करडा, चष्मा नाकाच्या टोकावर. "पॅनेलची वीज बंद करा. बंद झाल्याची खात्री करा. मग आतली जळकी वायर बदला. भूमिका, तुम्ही आधी या."

आपलं नाव ऐकूनच ती दचकली. घाईघाईने तिने तारा माझ्यात खोचल्या, मुख्य स्विच पाडला आणि टोकं थेट पॅनेलला लावली. मला विचारायचं ती विसरली!

मी काय दाखवणार? काळी तार मधल्या भोकातल्या हळदीकुंकवाच्या खड्यात अडकलेली. माझ्यापर्यंत काही पोचेचना. माझ्या आकड्यांच्या पाटीवर शून्य.

"झीरो आलं ना, जल्दी कर," मागून पंकज कुजबुजला.

तिने पेचकस उचलला. हात पुढे नेला. आणि थांबली.

"मॅडम, एक मिनिट. मी याला विचारलंच नाही."

"कोणाला?"

तिने माझी टोकं एकमेकांना टेकवली. "आहेस ना रे?" मी गप्प. पुन्हा टेकवली. गप्पच.

"मीटर शून्य दाखवतोय ना?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"दाखवतोय, पण तो बोलत नाहीये, मॅडम. गप्प बसला म्हणजे हो म्हणाला, असं थोडंच असतं?"

तिने काळी तार उपसली. टोकाला लालपिवळी पूड! वैशाली खुदकन हसली, "अगं, टिळा!" भूमिका कानापर्यंत लाल झाली. पण कापसाच्या काडीने तिने ते भोक कोरून कोरून साफ केलं, आणि मी जोरात ओरडलो, 'टीं!'

मग भिंतीच्या चालू प्लगवर माझी परीक्षा घेतली. पास! आता पुन्हा पॅनेल. पाटीवर झळकले दोनशे तीस व्होल्ट.

"अगं आई!" भूमिकाने उडीच मारली. तिच्या ओरडण्याने मॅडमही दचकल्या. चष्मा नाकावरून घसरला.

"स्विच तर पाडलाय... मग ही वीज सोलरकडून येतेय!" ती धापा टाकत म्हणाली. सोलरचा स्विच पाडला, पुन्हा मोजलं. आता शून्य, आणि खरं शून्य. मग तिने वायर बदलली. तिची दोन्ही टोकं बरोबर बसली.

"सोलर मीच मुद्दाम चालू ठेवलं होतं," मॅडम चष्मा सावरत म्हणाल्या. "माझा हात सगळी वीज तोडणाऱ्या कटऑफवरच होता. टिळ्याचं मात्र मलाही ठाऊक नव्हतं. इतक्या घाबरता तुम्ही?"

"हो, मॅडम."

"घाबरत राहा. विजेच्या कामात घाबरणारी माणसं म्हातारी होतात."

जागा भूमिकाला मिळाली. केंद्राने नवा कोरा मीटर देऊ केला, तर ती सरांना म्हणाली, "सर, मला हाच द्या ना. आम्हाला एकमेकांची सवय झालीये." दगाभाऊंचा सूरही बदलला. आता ते गावभर सांगतात, "आमची पोरगी झुरळाले भेते, पण बिजली तिले भेते!"

मी हल्ली तिच्या स्कुटीच्या डिकीत असतो. अंगावर केळीच्या चिकाचे डाग पडलेत, बटण थोडं सैल झालंय. गावातल्या दोन मुली तिच्याकडे शिकायला येतात. त्यांचा पहिला धडा म्हणजे माझी टोकं टेकवणं.

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. खंडेनवमीला पूजा जरूर करा, फूल वाहा, पण टिळा माझ्या खोक्यावर लावा. आणि कामाला हात घालण्यापूर्वी, कोणी हसलं तरी हसू द्या, एकदा मला विचारा.

थांबा, डिकी उघडतेय. कुठल्याशा बागेत पंप अडलाय.

"आहेस ना रे?"

टीं!