मागचे झाकण

मित्रांनो, मी एक जुने, वाफेवर चालणारे मालवाहू जहाज आहे. आज मी इराणच्या आखातात चौदा वाव, म्हणजे सुमारे पंचवीस मीटर, पाण्याखाली डाव्या कुशीवर पडून आहे. मग धुळ्याच्या या तंत्रशाळेत मी तुमच्याशी कसे बोलते, असे तुम्हाला वाटेल. तुमच्या कार्यशाळेच्या भिंतीवर ग्राइंडरच्या वर जी पितळी पाटी आहे, ती माझी आहे. १९७९ साली मुंबईच्या मालकांनी मला विकत घेऊन नवे नाव दिले, तेव्हा जुन्या नावाची ती पाटी गोदीत भंगारात पडली. माझ्यावर सेकंड इंजिनिअर असलेल्या कौतिकभाऊंनी ती उचलून घरी आणली. माझ्या देहाचा तेवढाच भाग कोरडा आहे.

माझा जन्म १९५४ साली स्कॉटलंडमधील एका नदीकाठी झाला. लाखो रिव्हेट ठोकून माझे पत्रे जोडले गेले. तीन सिलिंडरचे इंजिन आणि तेलावर पेटणारे दोन बॉयलर, एवढ्या बळावर मी तीस वर्षे चहा, साखर, रेल्वेचे रूळ, सिमेंट वाहिले. एकदा बाराशे मेंढ्याही नेल्या. भरतीची वाट पाहत नवी, मोठी जहाजे बाहेर थांबत, तेव्हा मी उथळ पाण्यातून सरळ धक्क्याला लागत असे. पुढे माझे वय झाले. गंज खरवडण्याऐवजी त्यावरच रंग दिला जाऊ लागला. तरी यंत्रघरात माझी निगा राहिली, ती दोन माणसांमुळे. एक धुळ्याचे कौतिकभाऊ आणि दुसरा शिंदखेड्याचा तेलवाला अभिमन.

माझ्या पोटातील एक जागा तुम्ही नीट समजून घ्या. यंत्रघरापासून जहाज पुढे ढकलणाऱ्या मागच्या पंख्यापर्यंत एक अरुंद बोगदा होता आणि त्यातून पंख्याचा दांडा फिरत असे. बोगद्यातून बाहेर पडायच्या वाटा दोनच. पुढे यंत्रघरात उघडणारे लोखंडी दार, आणि मागच्या टोकाला सरळ डेकपर्यंत चढणारी शिडी. शिडीच्या डोक्यावर एक झाकण होते. अभिमन दर तासाला बोगद्यात जाई, बेअरिंगांना तेल देई, आणि प्रत्येकावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राही. बेअरिंग तापत असेल तर त्याच्या हाताला ते तापमापकाच्या आधी कळे. पण बघणाऱ्याला तो उभ्याउभ्या झोपल्यासारखा दिसे, आणि सगळे जहाज त्याला त्यावरून चिडवी. कौतिकभाऊ दारातून विचारत, "अभिमन, दांडा फिरस का थांबना?"

"दांडाले झोप लागनी, भाऊ. मी जागा शे," तो डोळे न उघडता म्हणे. ही थट्टा रजेवर आलेल्या खलाशांबरोबर शिंदखेड्यापर्यंतही पोचली होती.

१९८५ साली इराण-इराक युद्ध सुरू असताना मी तांदूळ आणि सुताच्या गाठी घेऊन आखातात गेले. तिथल्या बंदरात रात्री होड्यांतून चोर चढत. त्यांनी शिडीवाटे बोगद्यात उतरून तेलाची पिंपे आणि पितळी नळ नेले. तेव्हा कौतिकभाऊंनी मागच्या झाकणाला बाहेरून कुलूप घातले. बंदरात ते योग्यच होते. निघताना ते काढायचे, एवढेच लक्षात ठेवायचे होते.

कौतिकभाऊ अतिशय शिस्तीचे. निघण्याआधी तपासायच्या बावीस गोष्टींची यादी त्यांनी स्वतः केली होती. एकोणिसावी गोष्ट होती, 'मागचे झाकण मोकळे'. त्या दिवशी इतर जहाजांच्या तांड्याबरोबर लगेच निघण्याचा हुकूम आला. झाकणाला कधीच कुलूप नसे, म्हणून सहा वर्षे ते यंत्रघरात उभे राहूनच एकोणिसाव्या गोष्टीपुढे खूण करत आले होते. त्या दिवशीही त्यांच्या हाताने तशीच खूण केली. वर कोणी गेले नाही.

दुपारी तीनच्या सुमारास क्षेपणास्त्र माझ्या उजव्या कुशीत शिरले. इराणचे की इराकचे, ते मला समजले नाही. एक बॉयलर फुटला, यंत्रघरात पाणी भरू लागले आणि मागच्या गोदामातील सुताने पेट घेतला. अभिमन बोगद्याच्या पार मागच्या टोकाला होता. बोगद्याचे दार उघडे ठेवले असते तर पाणी त्याच्यावरच गेले असते. कौतिकभाऊंनी आत ओरडून सांगितले, "अभिमन, शिडी धरीसन वर जाय. मी दार बंद करस."

"करा भाऊ. मी निंघनू," आतून उत्तर आले.

दार बंद झाले. ते बंद करणे बरोबर होते. कौतिकभाऊ कमरेएवढ्या पाण्यातून डेकवर आले आणि मागे गेले. झाकणाखालून ठोकल्याचा आवाज येत होता. किल्ली त्यांच्या कोटात होती आणि कोट यंत्रघरातील खुंटीवर, पाण्याखाली. त्यांनी आगीच्या कुऱ्हाडीने कुलपावर घाव घातले. कुलूप वाकले, पण तुटले नाही. सुताचा धूर इतका दाटला की चौघांनी त्यांना ओढत होडीत नेले. होडी दूर गेल्यावर त्यांना आवाज ऐकू आला नसेल. मला मात्र येत होता. अभिमन बराच वेळ ठोकत होता, मध्ये थांबून पुन्हा ठोकत होता. संध्याकाळी मी बुडाले.

मालकांच्या अहवालात एक ओळ आली: तेलवाला हल्ल्यात मृत्यू पावला. यादी माझ्याबरोबर बुडाली होती. कुलपाबद्दल कोणी विचारले नाही, आणि कौतिकभाऊंनी सांगितले नाही. समुद्र सोडून ते या शाळेत शिकवू लागले. माझी पाटी त्यांनीच भिंतीवर लावली.

दोन वर्षांनी अभिमनची बायको सुंदरबाई इथे आली. वर्ग सुटला होता. ती स्टुलावर बसली नाही. तिने सांगितले की अभिमन कामावर झोपला होता म्हणून बुडाला, असे गाव म्हणते. दीर तर जेवायला बसल्यावरही तेच बोलून हसतो. बाकीचे सगळे वर आले, मग एकटा तोच कसा राहिला, असे लोक तिला विचारत.

"भाऊ, खरं सांगा," ती म्हणाली, "तो झोपेल व्हता का?"

हो म्हटले असते तर कौतिकभाऊंचे काहीच बिघडले नसते. त्यांनी हातातील कापडाने पुसलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाले, "नही. तो जागा व्हता. त्यानी वरतीचं झाकण ठोकं. कुलूप मी लायेल व्हतं, नि काढाले मी इसरनू."

सुंदरबाई रडली नाही. तिने पदर डोक्यावर सारखा केला.

"हाई आठे सांगीसन काय उपयोग," ती म्हणाली. "गावमा चला. बठ्ठा गावसमोर सांगा."

त्यांनी कार्यशाळेचे दिवे बंद केले आणि ते तिच्यामागून एस.टी. स्टँडकडे गेले. शिंदखेड्यात काय झाले ते मला दिसले नाही. पाटीला चालता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. कपाळावर खोक पडली होती आणि एक डोळा सुजून मिटला होता. त्यांनी फळ्यावर त्या दिवसाचा धडा लिहिला.

मित्रांनो, मला गंजाचे दुःख नाही. लोखंडाने कधीतरी गंजायचेच असते. पण तुम्ही उद्या कारखान्यात, गिरणीत, जहाजावर जाल आणि तुमच्याही हातात यादी असेल. खूण करायला एक क्षण लागतो आणि शिडी चढायला दोन मिनिटे. ती दोन मिनिटे द्या. झाकणाला स्वतःचा हात लावा, ते उचलून पाहा, आणि मगच पेन्सिल हातात घ्या.